आता अस्मानीही सुलतानीच

गेल्या उन्हाळ्यात दारव्ह्यात एका लग्नाच्या मांडवात बसलो होतो. नवरदेव अजून पारावरच होता, कूलरची हवाही गरम लागत होती आणि बोलणे साहजिकच उन्हावर आले. शेजारी माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी बसले होते. ते म्हणाले, "हवामान बदललं, हवामान बदललं, हे शहरातल्या लोकायचं खूळ हाय. बहात्तर साल म्या डोयानं पाह्यलं. तवा कोनतं हवामान बदललं होतं? अन् आता म्हनतात समुद्र तापला, मासे कमी झाले. एवढा अफाट समुद्र, त्याले मानूस काय करनार? अन् झालंच काही तिकडं, तं आपल्या दारव्ह्याले समुद्राचं काय घेनंदेनं हाय? हे अस्मानी हाय बाप्पा, अस्मानीसमोर कोनाचं चालते?" आजूबाजूच्या आठ-दहा जणांनी माना डोलावल्या. गेल्या काही वर्षांत ज्यांचे सोयाबीन दोनदा पाण्यात गेले, असे दोघे-तिघेही त्यांत होते.

मी गप्प बसलो. ज्यांनी हातात पाटी-पेन्सिल दिली त्यांना भर मांडवात उलट बोलणे माझ्याने झाले नाही. पण उत्तर देणे भाग आहे, कारण असे म्हणणारे गुरुजी एकटे नाहीत. हेच बोलणे कृषी केंद्राच्या बाकावर ऐकू येते, एसटीत ऐकू येते, आणि पुढाऱ्यांच्या भाषणात 'निसर्गाचा लहरीपणा' असे चांगले कपडे घालून येते. माझ्या मते ते खोटे आहे. नुसते खोटे असते तर मी लेखणी उचलली नसती. ते कास्तकाराच्या मुळावर येणारे आहे.

त्यांच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दारव्ह्याला समुद्राचे काय घेणेदेणे? नकाशावर बोट ठेवून नदी शेवटपर्यंत न्यायची, हे गुरुजींनीच शिकवले. तेच बोट आता अडाण नदीवर ठेवू. अडाणचे पाणी पैनगंगेत जाते. पैनगंगा चंद्रपूर जिल्ह्यात वढ्याला वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. मग राजमहेंद्री, धवळेश्वरम, काकीनाड्याजवळची कोरिंगाची खारफुटी आणि बंगालचा उपसागर. आपल्या धुऱ्याबाहेर गेलेले पाणी वाटेत कुठल्या धरणात अडले नाही, तर त्याला दुसरीकडे जायला वाटच नाही. घेणेदेणे यातले हे आपले देणे.

त्या पाण्याबरोबर काय जाते तेही सांगायला हवे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असते. आपण ते कपाशीला टाकतो आणि रात्री धो-धो पाऊस येतो. पिकाच्या अंगी लागते ते बहुतेकदा निम्म्याहून कमी. उरलेले काही हवेत जाते, आणि त्यातला नायट्रस ऑक्साइड हा वायू वजनास वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. बाकीचे पाण्यासोबत नाल्याला, नदीला, समुद्राला. देशातल्या सगळ्या मोठ्या नद्या हेच ओझे वाहून नेतात. किनाऱ्याजवळ त्याने शेवाळ माजते, ते मरून कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने, ज्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ होते, बंगालच्या उपसागरातल्या सुमारे ६०,००० चौरस किलोमीटरच्या पट्ट्याबद्दल लिहिले. तिथे मधल्या थरात प्राणवायू जवळजवळ संपला आहे, लेशमात्र उरला आहे. समुद्राच्या रसायनातली मोठी उलथापालथ तेवढ्या लेशावर थांबली आहे, आणि खतांचे पाणी वाढत गेले तर तो लेशही जाईल, असा त्यांचा इशारा आहे.

याचा दोष मी कास्तकाराला देत नाही. खत कधी, किती आणि कसे द्यायचे हे गावात येऊन सांगणारी व्यवस्था आपण उभी केली नाही, आणि दुकानात गोणी मात्र वेळेवर पोचवली. पण नदी जोडलेली आहे, ही गोष्ट नाकारता येत नाही.

आता समुद्र दारव्ह्याला काय देतो ते पाहू. आपल्या गावापासून तो पाचशे किलोमीटरहून दूर आहे, तरी खरिपाचा प्रत्येक थेंब तिथूनच येतो. मृगाचे ढग अरबी समुद्रावरून येतात. जुलै-ऑगस्टमध्ये रेडिओवर 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा' एवढे शब्द ऐकले की डवरणी थांबवून घराकडे निघणारी माणसे आमच्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना समुद्राचे घेणे गुरुजींपेक्षा चांगले कळते. हा समुद्र तापला आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंद आहे की १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर पृष्ठभागावर सुमारे १ अंश सेल्सिअसने तापला. एक अंशाचे काय एवढे, असे विचारणाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे की हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. ते बाष्प कधीतरी खाली येणार, आणि येते तेव्हा एकदम येते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारतात, म्हणजे ज्या पट्ट्यात आपण राहतो तिथे, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. कारण कुठे सापडले? अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांत. ते वारे आता मध्येच उसळी घेतात आणि एका दमात बाष्पाचा लोंढा आणून टाकतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की आपल्याकडे अतिवृष्टी धरतात. हा आकडा आज दारव्ह्यात पोराटोरांना पाठ आहे. माझ्या लहानपणी तो कोणाला माहीत असायची गरज नव्हती.

२०२३ चा खरीप आठवा. जुलैच्या २२ तारखेला याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर पुराने लोक अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली. पुढच्याच महिन्यात पाऊस गेला तो गेलाच. देशभराचा तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ठरला, ३६ टक्के तुटीचा. विमा मिळावा म्हणून लोक पावसातल्या खंडाचे २१ दिवस बोटांवर मोजत बसले. एकाच हंगामात एकाच जिल्ह्यात आधी बुडालो आणि मग वाळलो. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथले पाणी तापले होते आणि अशा वर्षी आपला पाऊस बहुधा ओढ देतो; शिवाय जगातले महासागर तोवरच्या नोंदींत कधी नव्हते इतके तापलेले होते.

त्याआधीचे २०१९ तर मला विसरता येत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात क्यार नावाचे महाचक्रीवादळ उठले. ते विरते न विरते तोच महा उठले, आणि नोंदी ठेवायला लागल्यापासून प्रथमच अरबी समुद्रात दोन चक्रीवादळे एकाच वेळी फिरत होती. कोकणातल्या नौका बंदरांत दाटीने उभ्या राहिल्या आणि ऐन हंगाम गेला. त्याच पंधरवड्यात राज्यभर अवेळी पाऊस झोडपत राहिला. आपल्याकडे सोंगून ठेवलेल्या सोयाबीनच्या शेंगांना शेतातच कोंब फुटले आणि वेचणीला आलेला कापूस बोंडातच काळा पडला. मुंबईत सरकार बनत नव्हते, राष्ट्रपती राजवट लागली, आणि राज्यपालांनी खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले. मालवणचा रापण ओढणारा मच्छीमार आणि दारव्ह्याचा कास्तकार एकाच संकटाने नागवले गेले. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. मेधा देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते २०१९ या काळाच्या नोंदी तपासून दाखवले आहे की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. अतितीव्र वादळांची वाढ तर १५० टक्के आहे.

आता बहात्तर साल. गुरुजींचा हा हुकमी पत्ता, आणि तो त्यांच्याच विरुद्ध जातो. १९७२ चा पाऊस गेला तेव्हा प्रशांत महासागरात मोठा एल निनो होता. म्हणजे त्या वर्षीच्या आपल्या वाळलेल्या ज्वारीचेही नाते समुद्राशीच होते, फक्त तेव्हा ते गावात सांगायला कोणी नव्हते. त्याच वर्षी पेरूच्या किनाऱ्यावरचा अँकोव्हेटा नावाचा छोटा मासा कोलमडला. १९७० मध्ये पेरूने तो एक कोटी वीस लाख टनांवर पकडला होता, जगातली सर्वांत मोठी मासेमारी होती ती. एल निनोने पाणी तापवले, पण बेसुमार जाळी टाकून माणसाने तो मासा आधीच असा खिळखिळा केला होता की त्याला सावरायला जागाच उरली नाही. एल निनो पूर्वीही येत असत, मासा टिकत असे. या वेळी नैसर्गिक धक्का आणि माणसाची हाव एकत्र आली. 'एवढ्या अफाट समुद्राला माणूस काय करणार' या प्रश्नाचे उत्तर गुरुजींच्या लाडक्या सालातच लिहिलेले आहे.

गोष्ट तिथे संपली नाही. त्या माशाची भुकटी कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जात असे. ती मिळेना, तेव्हा जगाने सोयाबीनच्या पेंडीवर उडी घातली. भाव इतके भडकले की १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात काही काळ बंद केली, आणि गिऱ्हाईक देश दुसरीकडे सोयाबीन शोधू लागले. आज दारव्ह्याच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव सोयापेंडीच्या जागतिक बाजाराकडे बघून ठरतो. पेरूच्या समुद्रातला मासा आणि आपल्या पोत्यातले सोयाबीन यांच्यात इतकेच अंतर आहे.

आणि १९७२ ला लोकांनी 'अस्मानी' म्हणून हात झटकले होते का? वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी त्याच दुष्काळात राज्यभर उभी राहिली. खडी फोडायच्या कामावर गेलेल्या बायाबापड्यांनी काम मागितले, दाम मागितला. पाऊस आणणे हातात नव्हते, पण भूक ही सरकारची जबाबदारी आहे हे त्यांनी सरकारकडून कबूल करून घेतले. ज्या पिढीने हे केले त्या पिढीच्या माणसाने आज आम्हाला हात जोडून बसायला सांगावे, याचे मला वाईट वाटते.

पूर्वीही दुष्काळ पडत होते म्हणून आजचा बदल माणसाने केलेला नाही, हा कसला न्याय? कडब्याच्या गंजीला पूर्वीही वीज पडून आग लागत होती. म्हणून काल रात्री काडी लावणारा निर्दोष ठरतो का? प्रश्न एवढाच असतो की काडीचा पुरावा आहे की नाही. इथे तो आहे, आणि त्याचा एक तुकडा आपल्याच जिल्ह्यात, वणीच्या खाणीत पडला आहे. वणीचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. जिवंत झाडात कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार असतो, कार्बन-१४. झाड मेले की तो दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो, त्यामुळे कोळशात तो उरलेलाच नसतो. गेल्या शतकात हवेतल्या कार्बनमध्ये त्याचे प्रमाण घटू लागले, ते असा कार्बन-१४ नसलेला धूर मिसळत गेला म्हणून. हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत २८० भाग होता, तो ४२० च्या पुढे गेला, आणि भर कोणाची ते त्याच्या अंगावरच्या खुणेवरून कळते. सूर्य तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होत आहे. ज्वालामुखी वर्षभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या धुराच्या एक टक्क्याइतकाही नाही. २०२१ मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांच्या आयपीसीसीने लिहिले की वातावरण, समुद्र आणि जमीन माणसाने तापवली यात शंका उरलेली नाही. शास्त्रज्ञ 'शंका नाही' हे शब्द सहसा लिहीत नाहीत. दर परिच्छेदाला 'बहुधा' आणि 'संभवते' लिहिणारी ती माणसे.

समुद्र अफाट आहे, हे मान्य. तो अफाट आहे म्हणूनच आपण अजून टिकलो आहोत. आपण अडकवून ठेवलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्याने पोटात घेतली. आपल्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्साही त्यानेच गिळला. ते फुकट झालेले नाही. औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत समुद्राच्या वरच्या पाण्याची आम्लता पाव हिश्शाहून जास्त वाढली आहे, आणि शिंपले, प्रवाळ यांना अंगाभोवती चुन्याचे घर बांधणे जड जाऊ लागले आहे. लक्षद्वीपची प्रवाळ बेटे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये पांढरी पडली. कोल यांच्याच २०१६ च्या अभ्यासात असे दिसले की पश्चिम हिंदी महासागरातले सूक्ष्म वनस्पतिप्लवक सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटले. पृष्ठभागाचे गरम पाणी झाकणासारखे बसते आणि खालचे थंड, सकस पाणी वर येऊ देत नाही. म्हणजे नदीमुखाशी अजीर्ण आणि भर समुद्रात उपासमार. त्या प्लवकावर तारली-बांगडा जगतो, त्यांच्यावर सुरमई.

त्यात पर्ससीन जाळी आणि रात्रीचे एलईडी दिवे. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली, तरी किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौकांची भांडणे मिटलेली नाहीत. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केले ते सन्मानासाठी नव्हे. हाताएवढा होण्याआधीच तो जाळ्यात येत होता, म्हणून. कोकणातले मच्छीमार आता सरकारकडे एक शब्द घेऊन जातात, 'मत्स्यदुष्काळ'. तो जाहीर करा म्हणतात. विदर्भातल्या माणसाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. आपल्याला निदान पैसेवारी आहे, पंचनामा आहे, सातबारा आहे. त्यांच्या समुद्राला सातबारा नाही.

गुरुजींच्या बाजूने एक मुद्दा मी स्वतःच मांडतो, कारण तो खरा आहे. धूर कोणी केला? अमेरिकेतला एक माणूस वर्षाला १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, आपल्या देशातला सरासरी दोन टन, आणि दारव्ह्याच्या कोरडवाहू कास्तकाराचा हिस्सा त्याहून पुष्कळ कमी असणार. आमच्या शकुंतला रेल्वेच्या नॅरोगेज डब्यांतून याच गावचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबई बंदराला आणि साता समुद्रापार गेला. तो कातणाऱ्या गिरण्यांच्या धुराड्यांतला काही कार्बन आजही हवेत आहे, कारण त्याचा एक भाग शेकडो वर्षे टिकतो. कापूस आमचा, कापड त्यांचे, आणि धूर सगळ्यांचा. हा अन्याय आहे.

पण मग हे अस्मानी कसे? अन्याय करायला माणूस लागतो. एकदा 'निसर्गाची लहर' म्हटले की पश्चिमेकडचे देश सुटले, तेल-कोळशाच्या कंपन्या सुटल्या, नदीकाठी भराव टाकून बांधणारा सुटला, विम्याचा हप्ता घेऊन फोन न उचलणारा सुटला, सरकारही सुटले. सापडला एकटा कास्तकार. २०२२ मध्ये शर्म अल शेख इथल्या परिषदेत गरीब देशांनी हानी-नुकसानीचा निधी मान्य करून घेतला, दुबईत पुढच्या वर्षी तो सुरू झाला. त्यात पैसे फार थोडे आले आहेत. तरी तो दावा कशावर उभा आहे? हे माणसाने केले आहे, आणि ज्यांनी जास्त केले त्यांनी जास्त द्यावे, यावर. 'अस्मानी हाय बाप्पा' म्हणून आपण तो दावा आपल्याच हाताने फाडतो.

झाडे लावा, एवढ्याने भागेल, असेही मांडवात कोणीतरी म्हणाले. झाडे लावावीत, मीही लावतो. पण पंचवीस कोटी वर्षे जमिनीत गाडलेला कार्बन रोज वॅगनी भरून वर काढायचा आणि पावसाळ्यात रोपांसोबत फोटो काढायचा, हा हिशेब जुळत नाही. कोळसा कमी करणे, सौर पंपाची जोडणी रखडू न देणे, पऱ्हाटी धुऱ्यावर न जाळता जमिनीत मुरवणे, माती तपासून आणि पाऊस बघून खत देणे, मंडळामंडळातले पर्जन्यमापक नीट ठेवणे, अतिवृष्टीची भरपाई दिवाळीआधी देणे, ही सगळी माणसांची कामे आहेत आणि ती माणसांकडूनच करून घ्यावी लागतील.

गुरुजी, मांडवात बोललो नाही, त्याबद्दल माफी असावी. आता एक विनंती. येत्या ग्रामसभेत अतिवृष्टीचा ठराव येईल, दरवर्षी येतो. तुम्ही उठून बोललात की गाव ऐकते. त्या ठरावात 'निसर्गाच्या लहरीपणामुळे' हे शब्द घालू देऊ नका. त्या जागी 'माणसाने केलेल्या हवामानबदलामुळे' असे लिहायला सांगा, आणि खाली पहिली सही तुमची करा.